विरळ हवा आणि परिचारिकेचा डोळा

इ. स. १८७५ च्या एप्रिल महिन्याची १५ वी तारीख. पॅरिस शहरांतील ला व्हिलेत येथील गॅसच्या कारखान्यांतून दोन प्रहरांच्या सुमारास एक मोठें बलून आकाशांत चढलें. त्याचें नांव ‘झेनिथ’, म्हणजे खस्वस्तिक, असें होतें. आणि त्याच्या पाळण्यांत तिघे जण बसले होते : गास्ताँ तिसांदिए, जोसेफ क्रोसे-स्पिनेल्ली आणि थेओदोर सिव्हेल. वरच्या वातावरणाचीं मापें घ्यावीं, हा त्यांचा हेतु. वर हवा विरळ असते व तेथें माणसाचा जीव घाबरा होतो, हें त्यांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. तेवढ्यासाठींच प्राणवायु मिसळलेल्या हवेच्या तीन लहान पिशव्या त्यांनीं बरोबर घेतल्या होत्या. बलून सात हजार मीटरांच्या, म्हणजे सुमारें २३,००० फुटांच्या, वर गेल्यावर सिव्हेलनें सोबत्यांस विचारलें कीं, वाळू अजून पुष्कळ शिल्लक आहे, ती टाकावी काय? तिसांदिएनें ती गोष्ट त्याच्याच मर्जीवर सोंपविली. क्रोसे-स्पिनेल्लीनें मोठ्या उत्साहानें होकारार्थी मान हलविली. सिव्हेलनें वाळूच्या तीन पिशव्यांच्या दोऱ्या कापल्या आणि बलून झपाट्यानें वर निघालें. थोड्याच वेळानें तिसांदिएस प्राणवायूची नळी तोंडांत धरावी असें वाटलें, परंतु हात उचलेना. आपण आठ हजार मीटरांवर आलों असें ओरडून सांगावें असें मनांत आलें, परंतु जीभ हलेना. मग त्याची शुद्ध हरपली.

पुढें बलून आपोआप खालीं येऊं लागलें, तेव्हां त्यास किंचित् जाग आली. क्रोसे-स्पिनेल्लीहि जागा झाला. आणि त्या अर्धवट शुद्धींत त्यानें काय करावें? खालीं उतरण्यांतच ज्यांचा जीव वांचावयाचा, त्या तिघांचें ओझें हलकें करण्यासाठीं त्यानें जवळचीं उपकरणें व सामान बाहेर फेंकून दिलें. बलून पुन्हां वर चढलें. तिसांदिए दुसऱ्यांदा शुद्धीवर आला तेव्हां दोघेहि सोबती पाळण्यांत निश्चल पडले होते. चेहरे काळवंडलेले, तोंडांत रक्त. तिसांदिए एकटा जिवंत उतरला, पण ऐकूं येणें त्यास कायमचें दुरावलें.

या दुर्घटनेची हकीगत तिसांदिएनें स्वतः लिहून ठेवली आहे, आणि तींतील आम्हांस सर्वांत भयंकर वाटणारी गोष्ट मृत्यूची नव्हे. ती अशी कीं, त्या उंचीवर त्याला कसलाच त्रास झाला नाहीं. उलट, आंतून आनंद दाटून येत होता. सभोंवार प्रकाशाचा पूर लोटल्यासारखें वाटत होतें. संकटाचा विचार मनास शिवतहि नव्हता. गळा दाबला असतां मनुष्य धडपडतो, कारण शरीरांत सांचणारा कर्बवायु त्याला धडपडावयास लावतो. विरळ हवेंत श्वास मोकळेपणीं चालतो, कर्बवायु बाहेर पडत राहतो, आणि प्राणवायु मात्र मुकाट्यानें कमी होत जातो. देहांतील धोक्याची घंटा वाजतच नाहीं. आणि ती ऐकणारी बुद्धि सर्वांआधीं झोंपीं जाते. क्रोसे-स्पिनेल्लीची ती उत्साहाची मान ही बुद्धीची संमति नव्हती. तें रोगाचें लक्षण होतें. तिघांनाहि एकच विकार जडला होता, म्हणून तो ओळखणारा चौथा कोणी पाळण्यांत उरला नव्हता.

याच्या तेरा वर्षें आधीं, १८६२ च्या सप्टेंबरच्या ५ व्या तारखेस, इंग्लंडांतील वुल्व्हरहॅम्प्टन येथून जेम्स ग्लेशर व हेन्री कॉक्सवेल असेच वर गेले होते. ग्लेशरचे हात लुळे पडले, मान कलली, दृष्टि गेली व अखेरीस शुद्धहि गेली. कॉक्सवेलचे हात थंडीनें निकामी झाले होते. परंतु त्याचें भान अजून शाबूत होतें. त्यानें झडपेची दोरी दांतांत धरून ओढली, बलून खालीं आलें, आणि दोघेहि वांचले. या दोन उड्डाणांतील अंतर फारसें नाहीं. एकांत दुसऱ्याचा धोका ओळखणारा एक मनुष्य शुद्धीवर होता, दुसऱ्यांत नव्हता, एवढेंच. आकाशांत माणसाची शुश्रूषा करण्याचा जो व्यवसाय विसाव्या शतकांत निर्माण झाला, त्याचें सारें बीज आमच्या मतें या एवढ्या अंतरांत आहे. त्याच व्यवसायाची, आणि त्याला जें ज्ञान लागतें त्याची, थोडी हकीगत येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

उंचीवर जीव कां घाबरतो, हा प्रश्न जुनाच आहे. स्पॅनिश पाद्री होसे दे आकोस्ता यानें १५९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत, पेरू देशांतील पर्वत ओलांडतांना आपणांस झालेल्या विकाराचें वर्णन करून, तेथील हवा माणसाच्या श्वासास पुरणार नाहीं इतकी सूक्ष्म असावी, असा तर्क केला होता. तर्काचें शास्त्र केलें तें पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें. त्यानें लोखंडी कोठ्या करविल्या, त्यांतील हवा पंपानें काढून घेतली, आंत पक्षी ठेवले, प्राणी ठेवले, आणि शेवटीं स्वतःहि जाऊन बसला. त्याचा निष्कर्ष १८७८ सालच्या त्याच्या ग्रंथांत आला आहे. हवेंत प्राणवायूचें प्रमाण जमिनीवर व आकाशांत सारखेंच, शेंकडा सुमारें २१ असतें. कमी होतो तो त्याचा दाब. समुद्रकांठीं हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरांइतका असतो व त्यांत प्राणवायूचा वांटा सुमारें १६० असतो. १८,००० फुटांवर एकंदर दाब निम्मा होतो आणि प्राणवायूचा वांटाहि ८० वर येतो. या दाबावरच प्राणवायूचें रक्तांत शिरणें अवलंबून आहे. ‘झेनिथ’चे प्रवासी बेरचेच शिष्य म्हणावयास हरकत नाहीं, क्रोसे-स्पिनेल्ली व सिव्हेल हे १८७४ सालीं त्याच्या कोठींत बसून आले होते. तुम्ही नेत असलेला प्राणवायु पुरणार नाहीं, असें पत्र बेरनें त्यांस लिहिलेंहि होतें. पण तें पोंचावयास उशीर झाला.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. उंची वाढत जाईल त्या मानानें रक्तांतील प्राणवायु सारखा उतरत जातो, असें नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन नांवाचें लाल द्रव्य प्राणवायूस असें घट्ट धरून ठेवतें कीं, आठ-दहा हजार फुटांपर्यंत निरोगी माणसास फारसें कांहीं जाणवत नाहीं. त्यापुढें मात्र पठाराचा कडा यावा तसा उतार एकदम सुरू होतो. २५,००० फुटांवर प्राणवायूवांचून माणसाची कामापुरती शुद्ध तीन ते पांच मिनिटें टिकते; ३५,००० फुटांवर अर्ध्या ते एका मिनिटांत खेळ आटोपतो. हें झालें निरोगी माणसाचें. ज्याचें आधींच रक्त वाहून गेलें आहे किंवा ज्याचें फुप्फुस जखमी आहे, तो जमिनीवर असतांनाच कड्याच्या टोकाशीं उभा असतो. त्याला लोटावयास सहा-सात हजार फूटहि पुरेसे होतात.

प्राणवायूच्या उणीवेचे प्रकार कोणते, याचा व्यवस्थित विचार केंब्रिजचा जोसेफ बारक्रॉफ्ट यानें १९२० सालीं मांडला. हा केवळ टेबलाशीं बसून लिहिणारा पंडित नव्हता. त्याच वर्षीं तो प्राणवायु कमी केलेल्या कांचेच्या कोठींत सहा दिवस राहिला आणि स्वतःच्या हाताची धमनी उघडवून आंतलें रक्त काळसर झालेलें त्यानें पाहिलें. त्यानें तीन प्रकार सांगितले. चौथा पीटर्स व व्हॅन स्लाइक या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनीं १९३२ च्या सुमारास त्यांत घातला. हे चार प्रकार आमच्या वाचकांस एका घरगुती दृष्टान्तानें समजावून देतां येतील. गांवांत दुष्काळ चार तऱ्हांनीं पडतो. पेठेंत धान्यच नाहीं, ही पहिली तऱ्हा. धान्य आहे, पण तें वाहून नेणाऱ्या गाड्या पुरेशा नाहींत, ही दुसरी. धान्य आहे, गाड्या आहेत, पण रस्ता चिखलानें बंद पडला आहे, ही तिसरी. आणि धान्य दारांत येऊन पडलें, पण चुलींत कोणीं पाणी ओतल्यामुळें शिजवितां येत नाहीं, ही चौथी.

उंचीवरचा गुदमर हा पहिल्या तऱ्हेचा. हवेंतच प्राणवायूचा दाब नाहीं, किंवा फुप्फुस सुजल्यामुळें तो रक्तापर्यंत जात नाहीं. रक्तस्राव व पांडुरोग यांत दुसरी तऱ्हा येते; वाहून नेणारें हिमोग्लोबिनच कमी. कोळशाच्या किंवा एंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूचेंहि तसेंच. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि गाड्या अडवून बसतो. हृदय थकलें, जखमेच्या धक्क्यानें रक्ताचा दाब पडला, कडाक्याची थंडी पडली, किंवा विमानानें जोराचें वळण घेतल्यामुळें वैमानिकाचें रक्त पायांकडे उतरलें, म्हणजे तिसरी तऱ्हा. सायनाइड विषानें होते ती चौथी. आणि जळत्या विमानांतील सामानाच्या धुरांत हें विषहि असतें, हें विसरूं नये.

आतां हा केवळ वर्गीकरणाचा खेळ नाहीं, हें पुढील गोष्टीवरून दिसेल. गुदमरलेला मनुष्य निळा पडतो, ही समजूत सर्वत्र आहे. परंतु ख्रिस्तेन लुंड्सगार्ड या डेन्मार्कच्या वैद्यानें १९१९ च्या सुमारास दाखवून दिलें कीं, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दर शंभर मिलिलिटर रक्तांत सुमारें पांच ग्रॅम हिमोग्लोबिन प्राणवायूवांचून रितें झाल्याशिवाय तो निळेपणा डोळ्यांस दिसत नाहीं. ज्याचें बहुतेक रक्त रणांगणावर सांडून गेलें, त्याच्या अंगांत रितें व्हावयास तेवढें हिमोग्लोबिन शिल्लकच नसतें. तो गुदमरून मरेल, पण निळा पडणार नाहीं. पांढरा फटफटीतच राहील. धुरानें विषारलेला मनुष्य तर निळा न पडतां कधीं कधीं गुलाबी दिसतो, आणि सायनाइडचा रोगीहि तसाच. निळेपणा दिसेल तेव्हां प्राणवायु देऊं, असें म्हणत बसणारी परिचारिका चार रोग्यांपैकीं तिघांच्या बाबतींत फसेल. शिवाय हें निळ्या ओंठांचें वर्णन युरोपांतील गोऱ्या चेहऱ्यांवरून लिहिलेलें आहे. आपल्याकडील सांवळ्या माणसाच्या बाबतींत जीभ, ओंठांची आंतली बाजू, पापणीचें अस्तर व नखांची मुळें पाहिल्यावांचून कांहीं कळत नाहीं. तात्पर्य, पाहणारा डोळा नुसता उघडा असून भागत नाहीं. तो शिकलेला असावा लागतो.

असा डोळा विमानांत कसा आला? १८७० च्या पॅरिसच्या वेढ्यांतून जखमी सैनिक बलूनांतून बाहेर काढले, अशी एक कथा पुस्तकांतून वारंवार सांपडते; परंतु ती निराधार असल्याचें संशोधकांनीं दाखविलें आहे. खरा आरंभ विमानांच्या युगांतला. मारी मार्व्हिंग या साहसी फ्रेंच वैमानिक बाईंनीं १९१० पासून रुग्णवाहक विमानाचा ध्यास घेतला होता. विमान मागविलें, परंतु तें करणाऱ्या कारखान्याचेंच दिवाळें वाजलें. १९३० सालीं अमेरिकेंत एलन चर्च या शिकलेल्या परिचारिकेनें प्रवासी विमानांत नोकरी मिळविली व पुढें युद्धांत जखमींची शुश्रूषा केली. लॉरेटा शिमोलर या बाई त्याच दशकांत, विमानांतील परिचर्या हें निराळें शास्त्र आहे व त्यासाठीं निराळें शिक्षण हवें, असें कंठरवानें सांगत होत्या. त्यांचें फारसें कोणी ऐकलें नाहीं.

ऐकावें लागलें तें युद्धामुळें, आणि त्या कथेंतील एक महत्त्वाचा प्रवास आपल्याजवळच्याच एका शहरांतून सुरू झाला. जानेवारी १९४३ मध्यें कराचींत—जें शहर १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यांत होतें व ज्याचा मराठी माणसांशीं बराच संबंध होता—एल्सी ऑट नांवाच्या अमेरिकन लष्करी परिचारिकेस हुकूम झाला कीं, पांच रुग्णांस विमानानें वॉशिंग्टनला पोंचवावें. या बाई त्यापूर्वीं विमानांत कधीं बसल्याच नव्हत्या. रुग्णांपैकीं दोघांचें कमरेखालचें अंग लुळें, एकास क्षय, एकास डोळ्याचा विकार, एकास मनाचा. बरोबर डॉक्टर नाहीं; मदतीस एक शिपाई. सामान म्हणाल तर चादरी, उशा, ब्लँकेटें व प्रथमोपचाराची पेटी. समुद्रमार्गानें सुमारें तीन महिने लागते. त्यांनीं हें अंतर एका आठवड्याच्या आंत कापलें आणि पांचहि रुग्ण सुखरूप पोंचविले. या कामगिरीबद्दल त्यांना ‘एअर मेडल’ हें पदक मिळालें. अमेरिकन लष्करांत तें मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. परंतु पदकापेक्षां त्यांनीं परत आल्यावर केलेल्या सूचना आम्हांस अधिक मोलाच्या वाटतात. विमानांत प्राणवायु ठेवावा, मलमपट्टीचें सामान व ब्लँकेटें वाढवावीं, आणि परिचारिकेचा झग्याचा पोषाख या कामास निरुपयोगी आहे, अशा त्या होत्या. ज्यानें स्वतः तें काम केलें आहे त्याच्याच तोंडून अशा गोष्टी निघतात.

त्यानंतर महिन्याभरांतच, १८ फेब्रुवारी १९४३ रोजीं, केंटकी संस्थानांतील बोमन फील्ड येथून विमान-परिचारिकांचा पहिला वर्ग शिक्षण संपवून बाहेर पडला. पहिल्या आलेल्या जेराल्डिन डिशरून यांस लावावयास बिल्लाच तयार नव्हता. तेव्हां जनरल डेव्हिड ग्रँट यांनीं स्वतःच्या छातीवरील पंखांचें चिन्ह काढून त्यांच्या छातीवर लावलें. युद्धाच्या अखेरपर्यंत अशा सुमारें ५०० परिचारिकांनीं ३१ पथकांतून काम केलें. एकंदर पावणेबारा लाखांच्या आसपास रुग्ण विमानांनीं हलविण्यांत आले आणि वाटेंत मेले ते अवघे ४६. सतरा परिचारिकांनीं आपले प्राण गमावले. हीं विमानें जातांना दारूगोळा व सैन्य घेऊन जात, म्हणून त्यांवर रक्षणाचा तांबडा क्रॉस रंगवितां येत नसे. ब्रिटिशांच्या हवाई दलांतील तीन परिचारिका-साहाय्यक १३ जून १९४४ रोजीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरून जखमी आणावयास गेल्या, त्याहि अशाच विमानांतून.

या विमानांतून बहुधा डॉक्टर नसे. परिचारिका व तिचा एक साहाय्यक, आणि दोन्ही बाजूंस एकावर एक टांगलेले अठरा-वीस स्ट्रेचर. विमानाचा कोठा दाब राखणारा नव्हता. बाहेर जेवढी हवा विरळ तेवढीच आंत. एंजिनाच्या आवाजांत छातीला नळी लावून कांहीं ऐकूं येणें अशक्य. कोणाला केव्हां प्राणवायु द्यावा, वैमानिकास खालीं उतरावयास केव्हां सांगावें, हें तिनें एकटीनें ठरवावयाचें. रुग्णालयांतील परिचारिकेनें आज्ञा पाळावी असा दंडक असण्याच्या काळांत, दहा हजार फुटांवर मात्र निर्णय तिच्या हातीं आला. तिला अधिकार कोणीं कृपेनें दिला असें नाहीं. तेथें दुसरें कोणी नव्हतें म्हणून तो तिच्याकडे आला, आणि तिनें तो पेलला.

फुप्फुसाच्या जखमांचा विचार तर आणखी निराळा. वर जातांना बाहेरचा दाब कमी होतो, म्हणून कोंडलेली हवा फुगते. १८,००० फुटांवर ती दुप्पट जागा मागते. छातींत गोळी लागून फुप्फुसाभोंवतीं हवा शिरली असेल, तर ती वर जातां जातां फुगून फुप्फुसास व हृदयास दाबते. जमिनीवर बोलत असलेला जखमी आकाशांत अकस्मात् मरतो, तो असा. म्हणून अशा रुग्णाच्या छातींत आधीं नळी घालून ती हवा बाहेर निघण्यास वाट करून द्यावी, नाहीं तर त्यास वर नेऊंच नये, हा नियम झाला. श्वासनळींत बसविलेल्या नळीभोंवतीं जो हवेचा फुगा असतो, तोहि याच न्यायानें फुगून आंतील नाजूक अस्तरास इजा करतो. चढतांना व उतरतांना त्याचा दाब तपासणें हें परिचारिकेचें नित्यकर्म आहे.

उंचीवर फुप्फुसांत पाणी भरण्याचा विकार आपल्या देशानें फार महाग किंमत देऊन ओळखला. १९६२ च्या चीनच्या आक्रमणाच्या वेळीं मैदानांतील जवानांना विमानांनीं थेट अकरा हजार फुटांच्या वर नेऊन उतरविण्यांत आलें. दोन-तीन दिवसांत धडधाकट तरुणांस खोकला, धाप व तांबूस फेंस येऊं लागला. पूर्वीं असे रोगी न्यूमोनियाचे समजले जात. अमेरिकेंत चार्ल्स हूस्टन यांनीं १९६० सालीं या विकाराचें वर्णन केलेंच होतें. आपल्या लष्करांतील डॉक्टर इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनीं १९६५ सालीं शेंकडों जवानांच्या अनुभवावरून त्याचें सविस्तर विवेचन प्रसिद्ध केलें. याचें कारण मोठें विलक्षण आहे. फुप्फुसाच्या ज्या भागांत प्राणवायु येत नाहीं त्या भागाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्त चांगल्या भागाकडे वळवितात, ही देहाची एक शहाणपणाची युक्ति. परंतु उंचीवर सगळ्याच फुप्फुसांत प्राणवायु उणा. मग सगळ्याच वाहिन्या आवळतात, दाब भडकतो, आणि रक्तांतील पाणी श्वासाच्या जागेंत उतरतें. उपाय दोन : प्राणवायु आणि खालीं उतरणें. त्या जवानांस ज्या विमानानें वर नेलें, त्याच विमानानें खालीं आणणें हाच त्यांचा औषधोपचार होता.

येथवरची कथा प्राणवायु मिळविण्याची. पुढची कथा, मिळालेला प्राणवायु व दिलेली हवा यांपासूनच होणाऱ्या इजेची. प्राणवायु अति दाबानें दिल्यास फुप्फुस सुजतें, हें लॉरेन स्मिथ यानें १८९९ सालींच दाखविलें होतें. अति तेथें माती, ही म्हण प्राणवायूसहि लागू आहे. १९६७ सालीं अमेरिकेंतील ॲशबॉ, पेटी आदि डॉक्टरांनीं बारा रोग्यांवरून एका नव्या विकाराचें वर्णन केलें. अपघात, आघात किंवा संसर्ग दुसरीकडेच झालेला असतो, परंतु एक-दोन दिवसांनीं दोन्ही फुप्फुसें सुजून ताठर होतात व कितीहि प्राणवायु दिला तरी रक्तांत उतरत नाहीं. व्हिएतनामच्या युद्धांत हा विकार इतका दिसला कीं, सैनिकी वैद्य त्यास ‘दा नांगचें फुप्फुस’ म्हणूं लागले. अशा रोग्यास यंत्रानें श्वास द्यावा लागतो. आणि पुष्कळ हवा द्यावी, हाच उपकार, असें बराच काळ मानलें जाई. २००० सालीं ८६१ रोग्यांवर केलेल्या तुलनेंत असें आढळलें कीं, माणसाच्या उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागें १२ मिलिलिटर श्वास दिलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ४० दगावले. निम्माच, म्हणजे ६ मिलिलिटर, दिलेल्यांपैकीं ३१. जोराचा श्वासच फुप्फुस फाडीत होता. विमानांत असा रोगी नेतांना परिचारिकेस दोन्हीकडून धार : प्राणवायु कमी पडला तर मेंदू जातो, यंत्राचा जोर वाढविला तर फुप्फुस जातें.

या कामीं यंत्रांनीं मोठी मदत केली आहे, हें कबूल केलें पाहिजे. ग्लेन मिलिकन यानें १९४० च्या सुमारास वैमानिकांच्या कानाच्या पाळीस लावण्याचें रक्तरंगमापक यंत्र केलें. जपानच्या ताकुओ आओयागी यांनीं १९७४ सालीं नाडीच्या ठोक्यावरून तें माप घेण्याची युक्ति शोधून काढली. तेंच आजचें बोटाचें ऑक्सिमीटर. २०२० व २०२१ च्या करोनाच्या सांथींत तें महाराष्ट्रांतील घरोघरीं पोंचलें. आणि आपल्यांपैकीं अनेकांनीं एक चमत्कार डोळ्यांनीं पाहिला. रोगी गप्पा मारतो आहे, चहा मागतो आहे, मला कांहीं झालेलें नाहीं म्हणून रागावतो आहे, आणि यंत्रावरील आंकडा ऐंशीच्या खालीं उतरला आहे! तिसांदिएचा तो आनंद आणि या रोग्याची ती बेफिकिरी या एकाच कुळांतल्या. अशा वेळीं रोग्याचें ऐकावयाचें नसतें. त्याच्याजवळ बसलेल्या शुद्धीवरच्या माणसाचें ऐकावयाचें असतें.

परंतु यंत्रालाहि आपली मर्यादा आहे. कार्बन मोनॉक्साइडनें अडविलेलें हिमोग्लोबिन त्यास प्राणवायूनें भरलेलेंच दिसतें, आणि तें निर्धास्तपणें शंभराच्या जवळचा आंकडा दाखवितें. रक्त थोडें उरलें असेल, तर उरलेलें भरलेलें आहे एवढेंच तें सांगतें. किती उरलें हें सांगत नाहीं. २०२० सालीं अमेरिकेंत असेंहि दिसून आलें कीं, काळ्या वर्णाच्या रोग्यांत हें यंत्र खऱ्यापेक्षां चढा आंकडा दाखविण्याची चूक अधिक वेळां करतें. म्हणजे गोऱ्या चेहऱ्यावरून लिहिलेलें निळेपणाचें लक्षण जेथें फसत होतें, तेथें नवें यंत्रहि थोडेंफार तसेंच फसतें. चार प्रकारांचें ज्ञान जिच्या डोक्यांत पक्कें आहे, ती परिचारिका आंकड्यावर विसंबून राहत नाहीं. रोगी धुरांतून आला आहे काय, त्याचें रक्त किती गेलें, नाडी कशी आहे, तो नीट बोलतो कीं बरळतो, हें ती आधीं पाहते.

शेवटीं एक प्रश्न उरतो, आणि तोच आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. पाहणारीलाच कोण पाहणार? परिचारिका रोग्याच्याच हवेंत श्वास घेत असते. आजच्या विमानांचा कोठा दाब राखतो हें खरें, तरी आंतील दाब बहुधा सहा ते आठ हजार फुटांवरील हवेइतकाच असतो. आणि तो कोठा बिघडला तर रोगी, परिचारिका व वैमानिक हे सर्व एकाच क्षणीं ‘झेनिथ’च्या पाळण्यांत जाऊन बसतात. १४ ऑगस्ट २००५ रोजीं सायप्रसहून निघालेल्या एका प्रवासी विमानांत असेंच झालें. दाब राखणारी कळ योग्य जागीं नव्हती, धोक्याच्या सूचनेचा अर्थ वैमानिकांस उमगला नाहीं, आणि उमगून घेण्याइतकी शुद्धहि थोड्याच वेळांत उरली नाहीं; १२१ जण प्राणांस मुकले. म्हणून आकाशांत काम करणाऱ्यांस बेरच्या कोठीसारख्याच कोठींत बसवून मुद्दाम गुदमरूं देण्याचा प्रघात पडला आहे. त्यांस साध्या बेरजा करावयास देतात, सही करावयास देतात. मग शुद्धीवर आल्यावर त्यांचें त्यांस तें वेडेंवांकडें अक्षर दाखवितात. प्रत्येकाचें पहिलें लक्षण निराळें असतें. कोणाच्या बोटांस मुंग्या येतात, कोणास उष्मा वाटतो, कोणास विनाकारण हंसूं येतें. आपलें लक्षण कोणतें, हें प्रत्येकानें ओळखून ठेवावयाचें. आणि विमानाचा दाब गेला तर आधीं मुखवटा स्वतःस लावून मग रोग्यास लावावयाचा. त्यागाची थोरवी सांगणाऱ्या आपल्या कानांस हा नियम प्रथम स्वार्थाचा वाटतो. पण परिचारिका बेशुद्ध पडल्यावर तिच्या त्यागाचा रोग्यास काय उपयोग?

१८७५ च्या त्या पाळण्यांत धैर्याची उणीव नव्हती. ज्ञानाचीहि फारशी नव्हती. बेरची कोठी त्यांनीं पाहिली होती, प्राणवायु हाताशीं होता. उणीव होती ती एका जाणत्या, शुद्धीवर असलेल्या, आणि स्वतःच्याहि शुद्धीचा भरंवसा न धरणाऱ्या माणसाची. वाळू टाकावी काय, असें सिव्हेलनें विचारलें तेव्हां तिसांदिएच्या बोथट झालेल्या मनाकडे न पाहतां, क्रोसे-स्पिनेल्लीच्या ओंठांकडे व नखांकडे पाहून, नको म्हणणारें कोणी तेथें असतें, तर तिघेहि संध्याकाळीं पॅरिसच्या मित्रांस आपली गंमत सांगत बसले असते. त्या मोकळ्या जागीं आज परिचारिका बसलेली आहे.